मोज्यातली चांदी गेली कुठे?

आमच्या ह्यांची चाकणच्या कंपनीत शिफ्ट असते. दिवसभर सेफ्टी शूज. संध्याकाळी घरी आले की मोज्यांचा वास दारापासूनच सुरू! म्हणून मागे एका दुकानदाराने, "वहिनी, यात नॅनो सिल्व्हर आहे, वास येणारच नाही," म्हटलं आणि मी दुप्पट पैसे मोजून तीन जोड घेतले. दहा-पंधरा धुण्यांत वास परत हजर. मी दुकानदाराच्या नावाने बोटं मोडत होते. तेवढ्यात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करणारी माझी भाची म्हणाली, "मावशी, पैसे गेले ते सोड. मोज्यातली चांदी गेली कुठे, ते सांग!"

मैत्रिणींनो, या प्रश्नाने माझी झोप उडवली.

नॅनो म्हणजे अतिसूक्ष्म. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपला केस साधारण ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड, तर हे कण १०० नॅनोमीटरपेक्षाही लहान. २००८ मध्ये अमेरिकेत ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी असे मोजे नुसत्या पाण्यात धुऊन पाहिले. काही मोज्यांमधली जवळजवळ सगळी चांदी चार धुण्यांतच पाण्यात उतरली होती.

आमचं घर मोशीत. मोरीतलं पाणी गटारात, तिथून शुद्धीकरण केंद्रात आणि शेवटी इंद्रायणीत. वर देहू, खाली आळंदी. पुढे इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते आणि तीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. शुद्धीकरण केंद्रात बरीचशी चांदी गंधकाशी संयोग पावते, तिचा विषारीपणा कमी होतो आणि ती गाळात बसते. पण जे सांडपाणी केंद्रापर्यंत पोचतच नाही, त्याचं काय?

ही चांदी पाण्यातल्या जिवांना काय करते हे कसं कळतं, ते भाचीने मला दाखवलं. तिच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यांत डॅफ्निया होत्या. डॅफ्निया म्हणजे पाण्यातली पिसू. तिळाहून लहान, अंग इतकं पारदर्शक की सूक्ष्मदर्शकाखाली काळीज धडधडताना दिसतं. चाचणीची पद्धत जगभर ठरलेली आहे. जन्मून २४ तासही न झालेली पिल्लं घ्यायची, प्रत्येक प्रमाणासाठी निदान वीस. कणांचं प्रमाण वाढवत न्यायचं आणि ४८ तासांनी भांडं हलकेच हलवून कोण पोहतं, कोण निपचित पडलंय, ते मोजायचं. दुसरी चाचणी २१ दिवसांची. त्यात आई जगली एवढ्यावर भागत नाही, तिला पिल्लं किती झाली हेही मोजतात. मला हीच चाचणी जास्त पटली. बाई उभी आहे म्हणजे ठणठणीत आहे असं नसतं, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक!

डॅफ्निया पाणी गाळून खाते, त्यामुळे कण थेट पोटात जातात. शिवाय कणांतून सुटणारी चांदी गोड्या पाण्यातल्या जिवांच्या अंगातला क्षारांचा तोल बिघडवते. आणि ही पिसू म्हणजे लहान माशांचं जेवण. जेवणच गेलं तर मासा कुठून राहणार?

हे म्हणाले, "नदीवर फेसाचे डोंगर तरंगतात. त्यात तुझ्या मोज्यांचं काय घेऊन बसलीस?" मुद्दा खरा आहे. इंद्रायणी-पवनेचं मुख्य दुखणं म्हणजे घराघरांतलं मैलापाणी आणि कारखान्यांचं सांडपाणी. ते आधी थांबलंच पाहिजे. पण नदी फेसाळल्यावर जागं व्हायचं ही आपली जुनी खोड. निदान नव्या वस्तूच्या बाबतीत तरी आधी तपासा, मग विका.

कायद्यात याची सोय थोडीफार आहे. पर्यावरण संरक्षण नियम १९८६ मध्ये सांडपाण्यासाठी माशांची चाचणी दिलेली आहे. पाणी न मिसळता, निव्वळ सांडपाण्यात ९६ तास ठेवलेल्या माशांपैकी ९० टक्के जगले पाहिजेत. तांबं, जस्त, निकेल, क्रोमियम यांच्या मर्यादाही आहेत, पण त्या लिटरमागे मिलिग्रॅममध्ये, म्हणजे वजनावर. कण केवढा, हे तिथे कुणी विचारत नाही. खडीसाखर आणि पिठीसाखर वजनाला सारखीच घेतली तरी पाण्यात सारखी वागत नाहीत, हे कुठल्याही सुगरणीला विचारा!

बाहेर लोक जागे झालेत. चांदी सोडणारी वॉशिंग मशीन आली, तेव्हा २००७ मध्ये अमेरिकेने तिला कीटकनाशकांचे नियम लावले. युरोपात २०१३ पासून सौंदर्यप्रसाधनात नॅनो घटक असेल तर वेष्टनावर तसं लिहावंच लागतं.

भाजलेल्या जखमेच्या पट्टीत चांदी जरूर असू द्या. मोज्यात कशाला? ते काम साबण आणि कडक ऊन करतं.

आमच्या बचत गटाने दोन गोष्टी ठरवल्या आहेत. 'नॅनो' लिहिलेली वस्तू दिसली की दुकानदाराला विचारायचं, यात कुठला धातू आहे, पाण्यातल्या जिवांवर तपासलंय का? आणि आपल्या भागातल्या सांडपाण्याच्या माशांच्या चाचणीचे निकाल वॉर्डातल्या फलकावर लावा, असा अर्ज द्यायचा. तुमच्या गावातही नदी असेलच. तुम्हीही विचारा.

त्या पिसवांना तोंड नाही, आपल्याला आहे.