रकान्यात न बसलेले उत्तर

परवा दारात एक तरुण उभा राहिला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. 'काका, पाच मिनिटं द्याल? चहा पावडरीचा सर्व्हे आहे.' मी त्याला आत बोलावले. महिन्याला चहा किती लागतो, कोणता लागतो, बदलावासा वाटतो का, असे वीस-बावीस प्रश्न झाले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सौ. म्हणाली, 'अहो, पाहुण्यांचा डबा वेगळा असतो, ते सांगा की त्यांना!' तरुण ओशाळून हसला. 'काकू, त्याला रकाना नाही.'

चहा घेऊन तो गेला. त्याचे वाक्य मात्र मनातून जाईना. असाच एक नसलेला रकाना माझ्या नावावर तीसेक वर्षे थकीत आहे.

नव्वदीच्या दशकाच्या आरंभी मी एका तालुक्याच्या गावी बँकेत अधिकारी होतो. बाजारच्या दिवशी भाजी विकणारी एक बाई यायची आणि पन्नास-साठ रुपये भरायची. एकदा पासबुक परत देताना ती हळूच म्हणाली, 'साहेब, पुस्तक तुमच्याकडंच राहू द्या की.' मी तिला नियम समजावून सांगितला. पासबुक खातेदाराकडेच असले पाहिजे, त्यातच तुमचे हित आहे, वगैरे. ती काही बोलली नाही. आणखी दोनदा आली आणि मग यायची थांबली. घरी नवऱ्याला पासबुक सापडले आणि साठलेले पैसे गेले, हे पुढे शिपायाकडून कळले.

त्याच सुमारास वरून एक प्रश्नावली आली होती. महिलांच्या ठेवी का वाढत नाहीत? खाली छापील कारणे: अंतर, वेळ, व्याजदर, निरक्षरता. मी 'अंतर' या शब्दापुढे खूण केली आणि संध्याकाळच्या टपालात कागद टाकला. ती बाई बँकेपासून चाळीस पावलांवर बसत असे.

ग्राहकाच्या मनात काय आहे, हे शोधण्याचा उद्योग आज फार मोठा झाला आहे. नवी वस्तू, नवी जाहिरात, नवी सरकारी योजना, सगळ्यांना आधी माणसाच्या मनाचा थांग हवा असतो. तो लागतो कुठे? उत्तरांच्या ढिगात लागतोच असे नाही. 1985 साली अमेरिकेत कोका-कोला कंपनीने आपल्या पेयाची चव बदलली. त्याआधी सुमारे दोन लाख लोकांना चव दाखवून झाली होती आणि नवी चव पुष्कळांना आवडलीही होती. तरीही लोक इतके खवळले की एकोणऐंशी दिवसांत जुने पेय परत आणावे लागले. विचारले होते जिभेला. जुने पेय काढून घेतले तर काय वाटेल, हे मनाला धडपणे विचारायचे राहून गेले.

आपल्याकडची दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. तमिळनाडूतल्या कडलूरचे चिन्नी कृष्णन यांना वाटे, की श्रीमंत जे वापरतात ते मजुरालाही परवडले पाहिजे. त्यांनी शाम्पू छोट्या पुडीत आणला. त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी 1983 मध्ये पंधरा हजार रुपयांच्या भांडवलावर स्वतंत्र धंदा सुरू केला आणि 'चिक' शाम्पूची पुडी गावोगावच्या टपरीवर लटकू लागली. पुढे तिची किंमत पन्नास पैशांवरही आली. त्या पुड्यांच्या कचऱ्याचा प्रश्न आज आपल्यापुढे आहे, तो वेगळा. पण पुडी घेणाऱ्याला कोणी गरीब म्हणत नव्हते. त्याच्या हातात शाम्पूच होता, फक्त एका न्हाण्यापुरता.

दुसरे उदाहरण नॅनोचे. पावसात स्कूटरवर दाटीवाटीने चाललेले एक कुटुंब रतन टाटांनी पाहिले आणि त्यातून लाखभर रुपयांच्या मोटारीची कल्पना सुचली. 2008 च्या जानेवारीत ती जगापुढे आली. पाहणारा डोळा अचूक होता, त्यामागे कळवळाही होता. पण गाडीला 'सर्वांत स्वस्त मोटार' ही ओळख चिकटली आणि हे चुकलेच, असे पुढे टाटांनी स्वतःही सांगितले. दशकभरात तिचे उत्पादन आटोपले. त्यामागे इतरही कारणे होती. तरी एक गोष्ट कोणताही मध्यमवर्गीय बाप सांगू शकला असता. तो मोटार घेतो ती शेजाऱ्याने गॅलरीत येऊन पाहावी म्हणून. आपल्याला मोठी परवडत नाही, याची पाटी तो दारात कशाला उभी करील? हे कोणी फॉर्मवर लिहून देत नाही. तिथे तो 'मायलेज' लिहितो.

आता तर विचारण्याचीही गरज उरली नाही, असे म्हणतात. आपण काय मागवतो, किती वाजता मागवतो, सारे मोबाइलला ठाऊक. काही ठिकाणी तर संगणकाने रचलेल्या काल्पनिक ग्राहकांनाच प्रश्न विचारले जातात. ते कंटाळत नाहीत, चहाही मागत नाहीत. या यंत्रांना मी नावे ठेवणार नाही. जन्मभर आकड्यांवरच पोट भरले आहे. पण घेतलेली वस्तू यंत्राच्या नोंदीत येते. दुकानात हातात घेऊन, किंमत वाचून, मुलाकडे न पाहता परत ठेवलेली वस्तू कोणत्या नोंदीत येते?

म्हणून सरकारी पाहणीतला एक बदल मला मोलाचा वाटतो. 2022-23 पासूनच्या घरगुती खर्चाच्या पाहणीत एकाच बैठकीत सारे न विचारता प्रत्येक घरी तीन वेळा जाण्याची पद्धत आली. 2023-24 मध्ये अडीच लाखांहून अधिक कुटुंबांकडे असे जाणे झाले. पहिल्या खेपेला माणूस साहेबाला आवडेल ते सांगतो. तिसऱ्या खेपेला कदाचित आपले सांगतो.

कारण प्रश्न केवळ साबण-शाम्पूचा नाही. 2014 मध्ये जनधन योजना आली आणि त्या खात्यांपैकी निम्म्याहून अधिक आज महिलांची आहेत. फार मोठे काम झाले. पण पैसे जमा झाले की संदेश मोबाइलवर जातो. घरात फोन एकच असेल आणि तो नवऱ्याच्या खिशात असेल, तर माझ्या त्या भाजीवाल्या बाईचे पासबुक पुन्हा त्याच्याच हातात पडले, नाही का? तिचा प्रश्न तीस वर्षांपूर्वी मी ऐकला होता. वर कळवला नाही.

चहावाला तरुण पुन्हा आला, तर त्याला एवढेच सांगीन: शेवटी एक कोरी ओळ ठेव, आणि स्वयंपाकघरातून जे ऐकू येईल ते तिथे लिही.