कच्चा मासा आणि घरचे ताट

म्हैसूर शहरातील जयलक्ष्मीपुरम ही समुद्रापासून दूर असलेली वस्ती. मंगळूरचा किनारा येथून घाटापलीकडे, सुमारे 250 किलोमीटरांवर आहे. तरीही बर्फात घालून आणलेले बांगडे, सुरमई व कुपा येथील स्वयंपाकघरांत पोहोचतात. आणि आता त्यांच्यामागोमाग साशिमी ह्या जपानी पदार्थाची हौसही येऊ लागली आहे. साशिमी म्हणजे न शिजविलेल्या माशाचे पातळ काप. मासा ताजा असला, सुरी स्वच्छ असली, तर हा पदार्थ घरी करण्यास हरकत कोणती, असे पुष्कळजण विचारतात. आमचे उत्तर असे की, बाजारातून आणलेल्या माशाची साशिमी घरी करू नये. परंतु नुसता निषेध करणे शास्त्राला शोभत नाही. म्हणून त्याची कारणे येथे देत आहोत.

पहिले कारण कृमींचे. अनिसाकिस नावाच्या कृमीच्या अळ्या समुद्रातील अनेक जातींच्या माशांत राहतात. भारतीय समुद्रांतील माशांतही त्या आढळल्या आहेत. मासा मेल्यावर त्यांतील काही अळ्या आतड्यांतून मांसात शिरतात. अशी जिवंत अळी पोटात गेली, तर ती जठराच्या अस्तरात रुतते आणि काही तासांतच असह्य पोटदुखी व ओकाऱ्या सुरू होतात. 1960 साली हॉलंडमध्ये, किंचित खारविलेला हेरिंग मासा खाणाऱ्या रोग्यांत ह्या विकाराचे मूळ प्रथम ओळखले गेले. पुढे 1968 साली तेथे असा हेरिंग आधी गोठविण्याचा नियमच करण्यात आला. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की, ताजेपणाने अळी मरत नाही. अगदी ताज्या माशात तर ती अधिकच जोमदार असते. लिंबाचा रस, शिरका अथवा तिखट चटणी ह्यांवरही भरवसा ठेवता येत नाही.

मग मासा गोठवावा, असे कोणी म्हणेल. उपाय योग्य आहे. पण तो मापात बसला पाहिजे. अमेरिकेतील अन्नविषयक मार्गदर्शनानुसार मासा शून्याखाली 20 अंश सेल्सिअस तापमानात 7 दिवस, किंवा शून्याखाली 35 अंशांवर घट्ट गोठवून त्याच तापमानात 15 तास ठेवावा लागतो. घरातील शीतकपाटाचा बर्फाचा कप्पा साधारणतः शून्याखाली 18 अंशांच्या आसपास असतो. त्याचे दार वारंवार उघडते, वीज जाते, आणि माशाच्या जाड तुकड्याचा गाभा सावकाश गोठतो. तापमान न मोजता ‘आठवडाभर ठेवला होता’ असे म्हणणे म्हणजे केवळ समजूत होय.

दुसरे कारण जीवाणूंचे. 1950 साली जपानमधील ओसाका येथे अर्धवट वाळविलेल्या लहान माशांमुळे विषबाधेची साथ उद्भवली. 272 माणसे आजारी पडली आणि 20 दगावली. त्या साथीचा शोध घेताना फुजिनो ह्या शास्त्रज्ञाने व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हा समुद्री जीवाणू प्रथम ओळखला. त्याचाच एक नवा प्रकार 1996 साली कलकत्त्यात दिसून आला व पुढे अनेक देशांत पसरला. गोठविल्याने कृमी मरतात. जीवाणू मात्र सर्वच मरत नाहीत. मासा पुन्हा उबेस आला की उरलेले जीवाणू वाढू लागतात.

तिसरे कारण आपल्या आवडीच्या बांगड्याशी व कुप्याशी निगडित आहे. हे मासे पुरेशा थंडाव्याविना राहिले की जीवाणू त्यांच्या मांसातील हिस्टिडीन ह्या द्रव्यापासून हिस्टामीन तयार करतात. त्याने चेहरा लाल होतो, डोके दुखते, छाती धडधडते. हे द्रव्य गोठवून जात नाही आणि शिजवूनही जात नाही. त्यामुळे किनाऱ्यापासून घाट चढून येईपर्यंत बर्फ पुरेसा होता किंवा नाही, हा प्रश्न कालवण करणाऱ्यासही लागू आहे.

जपानी लोक शतकानुशतके कच्चा मासा खातात, त्याचे काय, हा आक्षेप विचारार्ह आहे. तेथे नावेपासून सुरीपर्यंत थंडाव्याची साखळी अभंग ठेवण्याची शिस्त आहे आणि माशाचे मांस निरखून पाहणारे तरबेज हात आहेत. इतके असूनही अलीकडच्या वर्षांत जपानमधील अन्नविषबाधेच्या नोंदींत अनिसाकिसच्या घटना अग्रभागी आहेत. पदार्थाची कृती पुस्तकातून घेता येते. साखळी मात्र घेता येत नाही. ‘साशिमीच्या दर्जाचा’ ह्या विक्रेत्याच्या शब्दांनीही भुलू नये. अमेरिकेतसुद्धा त्या शब्दांस कायद्याची व्याख्या नाही.

गोड्या पाण्यातील मासा तर कधीच कच्चा खाऊ नये. थायलंडच्या ईशान्य भागात असा मासा खाल्ल्याने यकृतातील पित्तनलिकांत चपटे कृमी वस्ती करतात आणि त्यांतून कर्करोगही उद्भवतो. तळ्यातील रोहू व कटला ह्यांनाही हाच नियम लावणे शहाणपणाचे.

जयलक्ष्मीपुरमपासून जवळच, चेलुवांबा मॅन्शन ह्या जुन्या राजवाड्यात, केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था 1950 सालापासून कार्य करीत आहे. अन्न मोजून, तपासून मग खावे, ही दृष्टी ज्या शहरात इतकी वर्षे जोपासली गेली, तेथील ग्राहकाने विक्रेत्यास तीन प्रश्न अवश्य विचारावेत: मासा कोणत्या तापमानास गोठविला, किती काळ ठेवला, आणि त्याची लेखी नोंद आहे काय? नोंद नसेल तर मासा शिजवावा. गर्भवती स्त्रिया, लहान मुले, वृद्ध व दुर्बल रोगी ह्यांना तर नोंद असली तरी कच्चा मासा देऊ नये.

ज्यांना जपानी चव घ्यावयाची आहे, त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. सुशी ह्या शब्दाचा रोख कच्च्या माशाकडे नसून शिरका घातलेल्या भाताकडे आहे. त्या भातावर उकडलेली कोळंबी, शिजविलेला मासा, अंड्याची पोळी किंवा काकडी शोभून दिसते. नव्या चवीची जिज्ञासा चांगलीच. पण जिज्ञासेचे मोल घरातील माणसाच्या प्रकृतीने चुकवावे लागू नये.