काही करावं लागत नाही म्हणे!

"साहेब, ह्याला काही म्हणता काही करावं लागत नाही," असं सांगून जो माणूस वस्तू विकतो, त्याच्यावर माझा कायमचा राग आहे. असंच वाक्य आपल्याकडे सून आणताना मुलीच्या बापालाही ऐकवतात. दोन्हींतलं खरंखोटं पहिल्या पावसाळ्यात कळतं.

आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर खळ्यातल्या बाकड्याचे शत्रू पूर्वी तीनच होते. एक खारा वारा : मीठ हवेतली ओल ओढून घेतं आणि नकोशा पाहुण्यासारखं खिळ्यास्क्रूंना चिकटून बसतं. दुसरा पाऊस. तिसरी वाळवी. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, पुढे पाहुणे वाढले, आणि खळ्याखळ्यात चौथा शत्रू बसलेला दिसू लागला : पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची.

ती गंजत नाही, वाळवी तिला तोंड लावत नाही, हे मान्य. जत्रेत दशावतार बघायला दोनशे खुर्च्या मांडायच्या तर सागवानी आणा असंही मी म्हणत नाही. पण बारा महिने उन्हात ठेवली की अतिनील किरणांनी प्लॅस्टिकच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात. आधी हाताला खडूसारखी भुकटी लागते, मग पाय तडकतो, आणि तो नेमका वजनदार व्याह्यांच्या खाली तडकतो. सुतार तिला सांधू शकत नाही, चुलीत घालायची सोय नाही. ती जाते गडग्यामागे, तिथून व्हाळात, व्हाळातून समुद्रात. म्हणजे काही करावं लागत नाही ते तुम्हाला. पुढचं सगळं बांगड्याने निस्तरायचं!

आणि बाकड्याला करावं लागतं ते केवढं? गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढायचं. बुरशी असेल तिथे रिठ्याचं पाणी आणि मऊ ब्रश, तोही लाकडाच्या रेषांच्या दिशेने. वाळवायचं सावलीत, कारण ओल्या लाकडाला एकदम कडक ऊन दाखवलं की ते उलतं. मग जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यायचा आणि वर उरलेलं पुसून टाकायचं. तेलाची चिंधी मात्र पसरून वाळवा. बोळा करून कोपऱ्यात टाकलीत तर ती आपोआप पेट घेऊ शकते. स्क्रू पितळी घ्या. पायांखाली फरशीचे तुकडे ठेवा, कारण लाकूड ओल पिऊ लागतं ते तळव्यापासून. आणि चकचकीत व्हार्निशला भुलू नका. ते उन्हाने तडकतं, पाणी पापुद्र्याखाली शिरतं आणि भाडेकरूसारखं निघायचं नाव घेत नाही.

"दरवर्षी तेल लावायलाच हवं का हो?" असं मी आमच्या गावच्या म्हाताऱ्या सुताराला विचारलं होतं. तो म्हणाला, "झिला, खुर्चेक तेल नको, तर तुझ्या डोक्याक तरी कित्याक व्हया?" माझ्या डोक्याची एकंदर अवस्था पाहता हा प्रश्न त्याने उगाच खर्ची घातला, पण मुद्दा बिनतोड होता.

"एवढा वेळ कुणाला आहे?" असं आमचे मुंबईकर बंधू विचारतात. अहो, वर्षातली एक दुपार! निम्म्या वाडीला कुलूप आहे. पूर्वी चाकरमानी झोपाळ्याच्या कड्या बघायला, बाकड्याला तेल द्यायला का होईना, दोन दिवस जास्त राहत असे. ज्या वस्तूसाठी काही करावं लागत नाही, तिच्यासाठी कुणी येतही नाही. आज बाकड्याचं झालं, उद्या घराचं होईल.

तेव्हा मे महिन्यात आंबे खायला याल, तेव्हा मिरगाआधीची एक दुपार बाकड्याला द्या. आंबे कुठे पळून जात नाहीत. माकडं नेतात म्हणा, पण ती तेल न लावणाऱ्यांचेही नेतातच.