राख आणि हेतू

जळलेले हाड दिसले की आपण त्याभोवती माणसे बसवून मोकळे होतो. बीजिंगजवळच्या झोकोदियन गुहेतील ‘चुली’ अशाच दशकानुदशके मान्य होत्या. १९९८च्या तपासणीत जळकी हाडे आढळली, पण लाकडाची राख नाही. तो थर पाण्याने साचवलेला गाळ होता. याउलट दक्षिण आफ्रिकेतील वंडरवर्क गुहेत, तोंडापासून सुमारे ३० मीटर आत, दहा लाख वर्षांपूर्वीची वनस्पतींची राख जागच्या जागी होती. २०१२मध्ये ती सूक्ष्मदर्शकाने दाखवली. वणवा इतका आत कसा जाईल?

आम्हांला वाटते, जळल्याची खूण म्हणजे चूल नव्हे. हेतू गृहीत धरायचा नसतो, सिद्ध करायचा असतो. संहितेत लेखकाचा हेतू वाचताना आम्ही तरी राख तपासतो का?