नवखा प्रतिनिधी आणि आपण

लोकसभेत नवखा मनुष्य पाठवावा की अनुभवी, हा वाद लातुरास नवा नाही. इ. स. १९८० ते १९९९ या काळात शिवराज पाटील येथून सात वेळा निवडून गेले व १९९१ साली लोकसभेचे अध्यक्ष झाले. उलट, २००४ ते २०२४ या पाच निवडणुकांत आपले प्रतिनिधी पाच निरनिराळे. त्यांतील पाचवे डॉ. शिवाजी काळगे हे तर नेत्रवैद्यकाच्या व्यवसायातून राजकारणात आलेले.

नवखेपण हा दोष नव्हे. नव्या मनुष्यास लोकांची दुःखे जवळून ठाऊक असतात. परंतु प्रश्न कसा विचारावा, विधेयकातील कलम कसे तपासावे, हे शिकण्यास काळ लागतो. २०१६ साली ज्या नगरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेथील प्रश्न एका मुदतीत सुटणारे नव्हेत. मग दर पाच वर्षांनी पाटी कोरी करण्यात लाभ कोणाचा?

म्हणून चेहरा नवा की जुना हे न पाहता, त्याने सभागृहात काय केले, हे पाहावे. शिकणाऱ्यास अवधी द्यावा. न शिकणाऱ्यास निरोप. विद्यार्थिमित्रहो, अठराव्या वर्षी हा अधिकार आपल्या हाती येईल. उत्तरपत्रिका न वाचताच गुण देणारा परीक्षक आपणांस आवडेल काय?