वाचाळ भिंती

भिंतींना कान असतात म्हणतात. माझी तक्रार निराळी आहे. आमच्या नव्या दिवाणखान्याच्या भिंतींना तोंडे आहेत, आणि ती सगळी एकदम बोलतात! चकचकीत फरशी, गुळगुळीत गिलावा, भली मोठी काच. त्यात मी महागडा स्टिरिओ आणून ठेवला. गाणे लावले की आई म्हणे, "शब्द कळत नाहीत रे." आम्ही निदान केले : आईचे कान गेले. आणखी महाग स्पीकर आणले. शब्द तरी कळेनातच.

अहो, दोष कानांचा नव्हता, यंत्राचाही नव्हता. हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात आवाज पाच सेकंदांहून अधिक घुमे. १८९५ साली वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाने त्याचा छडा लावायला घेतला. जवळच्या नाट्यगृहातल्या गाद्या रात्री वाहून आणून त्याने दाखवले, की गाद्या वाढतात तसे घुमणे घटते.

मीही तेच केले. स्पीकर कोपऱ्यातून पुढे ओढले, सतरंजी अंथरली, बाजूच्या भिंतींवर आजीच्या जाड गोधड्या टांगल्या. अंड्यांचे पुठ्ठे चिकटवण्याचा सल्लाही मिळाला. पण असल्या पातळ पुठ्ठ्याला खर्ज काय भीक घालणार!

त्या संध्याकाळी आई मधेच म्हणाली, "हा शब्द असा आहे होय!" मी मान खाली घातली.

वाचकहो, नवे स्पीकर खुशाल घ्या. पण आधी माळ्यावरची गोधडी काढा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना बहिरे ठरवण्यापूर्वी भिंतींची तोंडे बंद करा!