अक्षरांचा क्रम आमच्या पोरांच्या हाती द्या!



नागपुरातली एक मिल बंद पडली, तेव्हा थकबाकीची यादी फाटकावर डकवली होती. आमच्यातला एक म्हातारा दिवे लागेपर्यंत त्या यादीपुढं उभा होता. त्याचं नाव ‘ज्ञा’नं सुरू होणारं. शाळेच्या तक्त्यावर ज्ञ सगळ्यात शेवटी, म्हणून तो शेवटचंच पान पुन्हा पुन्हा वाचत होता. नाव नाही! आपलं नाव कापलं असं समजून तो मान खाली घालून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या नातीनं नाव शोधलं. ते ‘ज’च्या रांगेत होतं. ज्ञ म्हणजे ज आणि ञ यांची जोडणी, आणि यादी करणाऱ्यानं तसंच धरलं होतं. पोरीला शाळेत जोडाक्षर फोडायला शिकवलं होतं, म्हणून तिला ते सापडलं.

म्हाताऱ्याला वाचता येत होतं. पण वाचता येणं वेगळं आणि शोधता येणं वेगळं! त्या एका क्रमापायी माणूस आपल्या हक्काच्या पैशावर पाणी सोडून निघाला होता.

आणि तरी शहाणे आम्हांला सांगतात, “मुळाक्षरांत काय एवढं? पोट्ट्यांकडून घोकून घ्या, झालं!” नाही झालं! घोकणारा पोपट होतो. शोधणारा माणूस होतो.

इतिहास पाहा. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. १८८१ साली कारखान्यांचा पहिला कायदा आला. तो काय म्हणाला? सात वर्षांखालचं मूल कामावर ठेवू नका, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त राबवू नका! म्हणजे ज्या वयात क ख ग घ गिरवायचं, त्या वयात नऊ तास राबवणं कायदेशीर होतं. पुढच्याच वर्षी, १८८२ साली, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढं मागणी मांडली, की निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. एकीकडं बारा वर्षांपर्यंत काम, दुसरीकडं बारा वर्षांपर्यंत शाळा! हा झगडा आमच्या पोरांवरूनच चालला होता, हे विसरू नका.

आता क्रमाकडं या. आपल्या व्यंजनांचा क्रम कुणी मनाला येईल तसा लावलेला नाही. आम्हा साचेवाल्यांना हे पंडितापेक्षा लवकर कळतं. साचे खडखडू लागले की कानाला काही ऐकू येत नाही. शेजारचा काय म्हणतो ते ओठांवरून ओळखावं लागतं. प, ब, म ओठ मिटतात म्हणून दिसतात. क आणि ग आत घशाजवळ होतात म्हणून दिसत नाहीत. हाच तो क्रम! क-वर्ग कंठाजवळ, च-वर्ग टाळूला, ट-वर्ग जीभ वर वळवून, त-वर्ग दातांशी, प-वर्ग ओठांवर. आतून बाहेर, पायरीपायरीनं! पोराला समोर बसवा, तोंडावर हात ठेवून म्हणू द्या. पंचवीस अक्षरांची पाच घरं त्याला एका संध्याकाळी कळतील. इंग्रजीत ए नंतर बी का, याला असं कारण नाही. इंग्रजी शिकू नका असं आम्ही म्हणत नाही. पण आपल्या घरात कारण असताना पोराला ते न सांगणं ही चोरी आहे.

शाळेत लिहायला पुष्कळदा ‘ग म भ न’पासून सुरुवात करतात. ते बरोबरच आहे. आकार सारखे, हात लवकर वळतो. पण पुढं क्रम कुणी नीट देत नाही, आणि अक्षरं पोराच्या डोक्यात सुट्ट्या बॉबिनांसारखी पडून राहतात. ताण्याचा एक धागा फणीच्या चुकीच्या घरात गेला तर साऱ्या थानावर रेघ उमटते. पहिलीतली चूकही तशीच जन्मभर दिसते.

त्यात २०२५ साली सरकारनं काय केलं? पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून आणली. १६ एप्रिलला एक निर्णय, १७ जूनला दुसरा. लोक खवळले, तेव्हा २९ जूनला दोन्ही रद्द केले. हिंदी बोलणारा कामगार आमचा भाऊ आहे, त्याच्याशी आमचं भांडण नाही. पण सहा वर्षांच्या पोराला अजून ‘चार’मधला च आणि ‘चारा’मधला च वेगळे करायचे असतात. त्याच्या कानावर त्याच अक्षरांची दुसरी तऱ्हा लादायची कशाला? १९५६ पर्यंत नागपूर हिंदी-मराठी अशा जोडप्रांताची राजधानी होतं. १ मे १९६० ला मराठी राज्य आलं, त्यासाठी गिरणी कामगारांनी रक्त सांडलं. ते काय नुसत्या पाट्या रंगवायला?

आमच्या मागण्या साध्या आहेत. पहिलीत अक्षर तोंडानं समजावून, पोराच्या स्वतःच्या शब्दांतून शिकवा. २००९ साली सरकारनं ॲ आणि ऑ यांना वर्णमालेत घेतलं, तेव्हा आमच्या ‘बॉबिन’लाही घर मिळालं. ती अक्षरं भिंतीवरच्या तक्त्यावर दिसू द्या. तिसरी संपण्याआधी प्रत्येक पोरानं शब्दकोशात शब्द स्वतः काढला पाहिजे. कोश कपाटात कुलूप लावून नको, वर्गात हवा! आणि कामगारांची कोणतीही यादी लागो, क्ष, ज्ञ कुठं धरलेत ते तिच्या माथ्यावर लिहा.

सरकार करील तेव्हा करील. आपण आज रात्रीच सुरू करू. पाळी सुटली की पोरांना जवळ घ्या. घरातल्या सगळ्यांची नावं चिठ्ठ्यांवर लिहा आणि त्यांच्याकडून क्रमानं लावून घ्या. स्वतःला येत नसेल तर त्यांच्याकडून शिका, त्यात लाज नाही. मिलमध्ये आम्ही तिकिटाचा नंबर होतो. आमची पोरं यादीत आपलं नाव शोधतील, आणि नसेल तर का नाही म्हणून विचारतील!

जय कामगार! जय महाराष्ट्र!